गाडी ठोकली, गॅरेज कोणतं?

ठोकलेल्या गाडीचं गॅरेज बहुतेक वेळा मालक निवडत नाही. ते त्याच्यासाठी कुणीतरी निवडून टाकतं. क्रेनवाला गाडी आपल्या ओळखीच्या ठिकाणी नेतो, विमा एजंट फोनवर एक नाव सांगतो, मेहुणा म्हणतो, ‘आमचा मिस्त्री आहे ना!’ मालक तेव्हा हादरलेला असतो. रस्त्यात गर्दी जमलेली असते, घरून फोनवर फोन येत असतात. तो मान डोलावतो, आणि ज्या गाडीत आपलं सगळं कुटुंब बसणार आहे तिची दुरुस्ती कुणाच्या हाती जाणार, हे पाच मिनिटांत ठरून जातं.

या प्रकरणात सांगायचं आहे ते थोडक्यात असं. गाडीचं रूप कुठल्याही गॅरेजात परत येतं. तिची ताकद मोजक्याच ठिकाणी परत येते. एकदा रंग चढला की चांगलं काम आणि वाईट काम सारखंच चकचकीत दिसतं. म्हणून रंग चढण्याआधी जे गॅरेज आपलं काम तुम्हाला दाखवायला तयार असतं, तेच निवडायचं. बाकीचे सगळे निकष या एका निकषाच्या मागून येतात.

आधी गाडी हलवू नका, मग घाईनं हलवू नका

अपघातात कुणी जखमी झालं असेल तर गाडीचा विचार नंतर. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देणं ही चालकाची जबाबदारी आहे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते.

त्यानंतर फोटो काढा. चारही बाजूंनी, नंबर प्लेट दिसेल असे, आणि रस्ता व समोरचं वाहन यांच्यासह. मग विमा कंपनीला कळवा आणि दावा क्रमांक घ्या. गाडी उचलायची वेळ आली की क्रेनवाल्याला पत्ता तुम्ही सांगा. गॅरेज ठरलेलं नसेल तर गाडी घरी किंवा सोसायटीच्या आवारात उतरवून घेतली तरी चालते. एका रात्रीनं नुकसान वाढत नाही. उलट, एकदा गाडी एखाद्या गॅरेजात उतरली आणि तिचे नटबोल्ट खोलले गेले, की तिथून ती बाहेर काढणं अवघड होऊन बसतं. क्रेनचं भाडं, पार्किंगचं भाडं, खोलण्याची मजुरी असे आकडे पुढे येतात आणि मालक तिथेच अडकतो.

पाण्यात बुडालेल्या गाडीच्या बाबतीत एक नियम कायम लक्षात ठेवावा: चावी फिरवायची नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा तिथे, असंख्य गाड्या बुडाल्या. इंजिनच्या सिलिंडरमध्ये हवेऐवजी पाणी शिरलेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही. चावी फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसती स्वच्छता करून वाचलं असतं ते इंजिन त्या क्षणी जातं. अशा वेळी ‘पुरात बुडालं’ ते एक नुकसान आणि ‘चावी फिरवल्यामुळे मोडलं’ ते दुसरं, असा भेद विमा कंपन्या करतात. इंजिन संरक्षणाचं जादा कवच घेतलेलं नसेल तर दुसऱ्या नुकसानाचे पैसे बहुधा मिळत नाहीत.

नुकसान कोणत्या थराचं आहे?

गॅरेज कोणतं हे ठरवण्याआधी मार कुठपर्यंत गेला आहे, हे कळलं पाहिजे. त्याचे ढोबळमानानं चार थर असतात.

पहिला थर केवळ त्वचेचा. पार्किंगमध्ये घासलेला बंपर, दारावर पडलेला खड्डा, ओरखडे. रंग फुटलेला नसेल तर असा खड्डा आतल्या बाजूनं हत्यार घालून, रंग न करताही काढता येतो. इथे कुशल डेंटर आणि चांगला पेंटर पुरेसा असतो.

दुसरा थर नटबोल्टनं बसवलेल्या भागांचा. बॉनेट, फेंडर, दार, हेडलाइट, रेडिएटर, एसीचा काँडेन्सर. हे काढून नवे बसवता येतात. काम अवघड नसतं, पण ते नीटनेटकेपणानं करावं लागतं.

तिसरा थर सांगाड्याचा, आणि खरा प्रश्न इथे सुरू होतो. बोलेरो किंवा फॉर्च्युनरसारख्या गाड्यांना खाली वेगळी चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. पण आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या-मोठ्या कारना अशी वेगळी चेसिस नसतेच. त्यांचा पत्राच त्यांचा सांगाडा असतो. पुढचा आणि मागचा भाग ठरवून मऊ केलेला असतो. धडक बसली की त्यानं चुरगळावं आणि धक्का गिळावा, अशी त्याची रचना असते. मधला भाग, म्हणजे माणसं बसतात तो, कडक ठेवलेला असतो. दारांमधले खांब आणि छताच्या कडा यांना अनेक गाड्यांत अतिकठीण पोलाद वापरतात. हा पत्रा सुमारे ९०० अंशांवर तापवून साच्यातच झटकन थंड केलेला असतो, त्यामुळे तो साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताकदीचा होतो. तोच खांब कुणी गॅसच्या ज्योतीनं लाल करून सरळ केला तर तो दिसायला सरळ होतो, पण त्याची ताकद निघून जाते. पुढच्या अपघातात तो वाकायला नको तिथे वाकतो.

भारत एनकॅप ही आपली सुरक्षा चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर आदळवून तारे दिले जातात. हे तारे कारखान्यातून आलेल्या गाडीला असतात. एकदा सांगाड्याला मार बसला की त्यातलं किती टिकलं, हे दुरुस्ती करणाऱ्या हातांवर अवलंबून असतं.

चौथा थर डोळ्यांना न दिसणारा: एअरबॅग, सीटबेल्ट, सेन्सर, कॅमेरे, वायरिंग, सीएनजीची टाकी, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी.

आता आपली गाडी कोणत्या थरात आहे हे मालकानं घरच्या घरी कसं ओळखायचं? बॉनेट, दारं आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पाहा. दार पूर्वीसारखं लागतं का, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का, पुढच्या चाकाची कमानीतली जागा दोन्हीकडे सारखी आहे का, एखादा दिवा डॅशबोर्डवर पेटून राहिला आहे का? यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं तरी तिसरा किंवा चौथा थर आहे असं समजून चाला आणि कोपऱ्यावरच्या टपरीचा मोह सोडा.

तीन प्रकारची गॅरेजं

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडे त्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका, निदानाचं यंत्र, अस्सल भाग आणि बहुधा पेंट बूथ असतो. कॅशलेस विम्याची सोय असते. पण तुमचं बोलणं सर्व्हिस ॲडव्हायझरशी होतं; गाडीला हात लावणारा डेंटर तुम्हाला भेटतच नाही. इथे कल दुरुस्त करण्यापेक्षा भाग बदलण्याकडे असतो, मजुरीचा दर चढा असतो आणि पावसाळ्यात रांग लांब असते.

मल्टिब्रँड वर्कशॉप हा मधला मार्ग. अनेक कंपन्यांच्या गाड्या घेणारी, बूथ आणि वेल्डिंगची साधनं असलेली ही ठिकाणं दरात नरम असतात. त्यांचा दर्जा मात्र शाखेगणिक बदलतो. पाटी मोठी असली तरी काम त्या शाखेतल्या माणसांचंच असतं, म्हणून पाहायची ती शाखा.

तिसरं म्हणजे गल्लीतलं स्वतंत्र गॅरेज. त्याला कमी लेखू नये. तीस-तीस वर्षं पत्रा हाताळलेले डेंटर इथे आहेत. ते हातोडी आणि डॉलीनं असा पत्रा काढतात की पुट्टी, म्हणजे लांबी, जेमतेम लागते. मालकाशी त्यांचं थेट नातं असतं. पहिल्या आणि दुसऱ्या थराच्या कामाला, विशेषतः जुन्या गाडीसाठी, यांच्यासारखा पर्याय नाही. मर्यादा साधनांची असते. सांगाडा मोजायचा बेंच, एअरबॅगचं निदान यंत्र, बंद पेंट बूथ ही गुंतवणूक प्रत्येकाला झेपत नाही.

या मर्यादेला फक्त पैसाच कारण आहे असं नाही. स्वतंत्र गॅरेजांना अस्सल सुटे भाग, निदानाची यंत्रं आणि तांत्रिक माहिती मोकळेपणानं मिळत नाही, ही तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळावेत, आणि गाडी केवळ बाहेर दुरुस्त केली म्हणून वॉरंटी नाकारू नये, अशी त्या आदेशाची दिशा होती. कंपन्यांनी त्याला वरच्या मंचांवर आव्हान दिलं आणि प्रकरण लांबलं. तरी दुरुस्ती कुठे करायची हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे, हा विचार तिथून रुजला. पुढे २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. व्यवहारात मात्र वॉरंटी चालू असलेल्या गाडीचं मोठं काम बाहेर करण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचून घ्याव्यात. उद्या त्याच भागावरून वाद झाला तर झळ तुम्हालाच बसते.

गॅरेजात उभं राहून काय पाहायचं?

गाडी न घेता एकदा जाऊन या. कामाचं आवार पाहायचं आहे असं सांगा. विम्याच्या कारणानं आत येऊ देता येत नाही, असं काही ठिकाणी सांगतात. ठीक आहे, मग दारातून तरी दाखवा, किंवा चालू कामाचे फोटो दाखवा म्हणा. यातलं काहीच दाखवायची तयारी नसेल तर तिथून निघा.

आत पहिली नजर टाका खोललेल्या गाड्यांवर. त्यांचे भाग, स्क्रू आणि क्लिपा नाव लिहिलेल्या पिशवीत किंवा ट्रेमध्ये आहेत की जमिनीवर विखुरलेले आहेत? गाडी परत जोडल्यावर जो खडखड आवाज महिनोन्महिने पाठ सोडत नाही, त्याचं मूळ बहुतेक वेळा या हरवलेल्या क्लिपांत असतं.

दुसरी नजर रंगकामाच्या जागेवर. कारखान्यात रंग साधारण १४० अंशांवर भाजला जातो. तयार गाडीला ते शक्य नसतं, कारण प्लास्टिक आणि वायरिंग वितळेल. म्हणून दुरुस्तीत हार्डनर घालायचा दोन घटकांचा रंग वापरतात आणि बंद बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास अर्धा तास वाळवतात. उघड्यावर मारलेल्या रंगात धूळ बसते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत काँप्रेसरच्या नळीतून पाण्याचे कण रंगात शिरतात आणि काही महिन्यांत फोड येतात. गॅरेजवाल्याला सरळ विचारा: रंग एनसी की पीयू? एनसी रंग पटकन वाळतो आणि स्वस्त असतो, पण त्याची चमक लवकर उतरते. पीयू टिकतो. शेड जुळवताना गाडीवरच्या प्लेटवरचा कलर कोड पाहतात की डोळ्यांनी अंदाज करतात, हेही विचारा. चांदीच्या आणि मोत्याच्या छटांमध्ये अंदाज हमखास चुकतो.

पेंटरच्या तोंडावर योग्य मास्क आहे का ते पाहा. पीयू रंगाच्या हार्डनरमधली आयसोसायनेट रसायनं फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात. जो मालक आपल्या माणसाच्या श्वासाची काळजी घेत नाही, तो तुमच्या गाडीच्या न दिसणाऱ्या वेल्डिंगची काळजी घेईल अशी आशा धरता येत नाही.

सांगाड्याचं काम असेल तर आणखी तीन प्रश्न. गाडी ओढून सरळ करण्याचा बेंच आहे का? ओढल्यावर मापं घेऊन कंपनीच्या मापांशी ताडून पाहता का? जोडकाम स्पॉट आणि मिग वेल्डिंगनं करता की गॅसनं? पातळ, कठीण पत्र्याच्या गाडीला गॅस वेल्डिंग चालत नाही. या प्रश्नांची उत्तरं देताना चांगला कारागीर खुलतो आणि चार गोष्टी जास्त सांगतो. उडवाउडवीचं उत्तर आलं तर तेही उत्तरच समजावं.

माणसांचं शिक्षणही विचारायला हरकत नाही. आयटीआयमध्ये वाहनाच्या बॉडीची दुरुस्ती आणि बॉडीचं रंगकाम असे स्वतंत्र एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. अनुभवी उस्तादाच्या हाताखाली असं शिकलेलं एखादं पोरगं असेल तर ती चांगली खूण.

इस्टिमेट वाचायला शिका

एका ओळीचं इस्टिमेट, ‘पुढचं सगळं काम ४० हजार’, हे इस्टिमेट नसतं. लेखी कागदावर प्रत्येक भाग वेगळा हवा. तो बदलणार की दुरुस्त करणार, नवा भाग कोणत्या प्रतीचा, मजुरी किती, रंग किती पॅनलचा, कर किती, हे सुटं सुटं लिहिलेलं हवं. शक्य तर दोन ठिकाणची इस्टिमेटं घ्या आणि रकमा ताडण्याआधी यादी ताडा. स्वस्त इस्टिमेटात अनेकदा काम कमी असतं: रेडिएटरमागचा सपोर्ट सरळ करणं नसतं, व्हील अलाइनमेंट नसते, आतल्या बाजूचा गंजरोधक लेप नसतो.

बंपर खोलल्यावर आत आणखी नुकसान निघणं स्वाभाविक आहे, त्यात फसवणूक नाही. अट एवढीच घाला की वाढीव कामाचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर यावा आणि तुमचा होकार मिळाल्यावरच हात लागावा.

सुट्या भागांच्या प्रती चार. कंपनीच्या खोक्यातला अस्सल भाग. कंपनीलाच माल पुरवणाऱ्या कारखान्याचा, पण स्वतःच्या खोक्यातला भाग. तिसऱ्या कुणी बनवलेला लोकल भाग. आणि भंगारातल्या गाडीतून काढलेला जुना भाग. पुण्याची नाना पेठ, मुंबईतलं ऑपेरा हाऊस आणि जुन्या मालासाठी कुर्ला ही या बाजाराची मोठी ठिकाणं. दुसऱ्या प्रतीचा भाग घ्यायला हरकत नाही. तो अनेकदा त्याच साच्यातून आलेला असतो. पंधरा वर्षांच्या गाडीला भंगारातलं दार किंवा आरसा बसवणं हा शहाणपणाच आहे. मात्र ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटबेल्ट आणि एअरबॅग यांत लोकल किंवा जुन्याचा विचारही करू नका.

विम्याचं गणित

कॅशलेस सोय विमा कंपनीच्या यादीतल्या गॅरेजात मिळते, पण यादीतच जायची सक्ती नसते. बाहेरच्या गॅरेजात आधी पैसे भरून नंतर बिलावर दावा करता येतो. एकच पथ्य पाळायचं: विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी पाहून जाईपर्यंत काहीही खोलू द्यायचं नाही आणि तो येईल तेव्हा शक्य तर स्वतः हजर राहायचं. कोणता भाग बदलायचा आणि कोणता दुरुस्त करायचा हे तिथे ठरतं.

घसारा कसा कापला जातो हे ठाऊक असेल तर बिल पाहून धक्का बसत नाही. प्रचलित पद्धतीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के आणि काचेवर शून्य घसारा असतो. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयानुसार वाढतो: पहिले सहा महिने शून्य, एका वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. रंगकामाच्या एकत्रित बिलातला २५ टक्के हिस्सा मालाचा धरून त्याच्यावर निम्मा घसारा लावतात.

समजा गाडी साडेतीन वर्षांची आहे. बंपर ८ हजार, बॉनेट १२ हजार, पुढची काच ९ हजार आणि रंगकाम १६ हजार, असं ४५ हजारांचं बिल झालं. बंपरचे ४ हजार, बॉनेटचे ३ हजार, रंगाचे २ हजार आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीच्या वजावटीचे १ हजार, असे १० हजार रुपये तुमच्या खिशातून जातील. घसारा न कापणारं झीरो डेप कवच असेल तर त्यातले फक्त १ हजार.

दावा करावा की नाही, हाही हिशेबाचा प्रश्न आहे. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारा नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांवर पोचतो आणि एका दाव्यानं शून्यावर येतो. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १० हजार रुपये कायम राहतो असं धरलं, तर ५० टक्के बोनस गमावणारा माणूस पुन्हा ५० टक्क्यांवर येईपर्यंत पाच वर्षांत ५ हजार, ३ हजार, अडीच हजार, दीड हजार आणि ५०० असे एकूण साडेबारा हजार रुपये जादा भरतो. बोनसचं संरक्षण देणारं कवच घेतलेलं नसेल तर सात-आठ हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी दावा करण्यात अर्थ नाही. ते काम गल्लीतल्या चांगल्या डेंटरला द्या.

दुसऱ्या टोकाला, दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. त्या रेषेच्या जवळ असलेलं इस्टिमेट नीट तपासा. खर्च खाली दाबण्यासाठी सांगाड्याच्या कामाला कात्री लागत असेल तर ती गाडी दुरुस्त करून घेण्यापेक्षा सोडून दिलेली बरी.

जिथे तडजोड नाही

उघडलेली एअरबॅग परत घडी करून वापरता येत नाही. तिच्याबरोबर सीटबेल्ट ताणणारं यंत्रही उडालेलं असू शकतं, तेही एकदाच चालतं. पैसे वाचवण्यासाठी एअरबॅगच्या जागी केवळ एक रेझिस्टर जोडून डॅशबोर्डवरचा दिवा विझवायचा, हा प्रकार जीवघेणा आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो पेटतच नसेल तर दिव्याशीच छेडछाड झाल्याची शंका घ्या. एअरबॅग कंट्रोल युनिटचा निदान अहवाल छापून मागा आणि नव्या एअरबॅगचं बिल स्वतःकडे ठेवा.

पुढच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीची काच बदलली की तो कॅमेरा पुन्हा नेमका बसवून घ्यावा लागतो. अंशाएवढी चूकही दूरवरचं वाहन चुकीच्या जागी दाखवते. बंपरमागे रडार असेल तर बंपरवर जाड पुट्टी चालत नाही.

सीएनजी गाडीला मागून धडक बसली असेल तर टाकी, तिचे पट्टे आणि नळ्या अधिकृत केंद्रात तपासून घ्या. दर तीन वर्षांनी होणारी टाकीची चाचणी अजून लांब आहे म्हणून ही तपासणी टाळू नका. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या केबलमधून उच्च दाबाची वीज वाहते. त्या गाडीला प्रशिक्षण घेतलेल्या माणसाखेरीज कुणी हात लावू नये, तिथे फक्त कंपनीचं किंवा कंपनीनं मान्य केलेलं वर्कशॉप.

गाडी ताब्यात घेताना

संध्याकाळी जाऊ नका. लख्ख उजेडात रंगाचा फरक दिसतो. काम झालेलं पॅनल आणि शेजारचं पॅनल यांकडे तिरक्या कोनातून पाहा. फटी बोटानं तपासा. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक लोखंडी पत्र्यावरून फिरवा. ते जिथे धरत नाही तिथे खाली लांबीचा जाड थर आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र गॅरेजात असेल तर मागा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो. दुरुस्तीनंतर तो २००-३०० होणं रीतसर आहे, हजारावर गेला तर पत्रा काढलेला नाही, नुसता भरलेला आहे. मग गाडी चालवून पाहा, आणि अलाइनमेंटचा छापील अहवाल घ्या.

बदललेले जुने भाग पाहायला मागा. विमा दाव्यात ते कंपनीकडे जात असतील, तरी ते निघाले हे डोळ्यांनी पाहता येतं. हे सगळं झाल्याशिवाय काम समाधानकारक असल्याच्या कागदावर सही करू नका. त्या सहीनंतर विमा कंपनी पैसे सोडते आणि तुमच्या हातातला जोर संपतो.

जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल घ्या, त्याच्यावर कामाची हमी किती महिन्यांची ते लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर वाचलेला कर पुढे तक्रारीच्या वेळी फार महाग पडतो.

वाद झालाच तर

गॅरेजात ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी असते. तिनं गॅरेजवाला पूर्ण मोकळा होतो असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ आणि १५१ नुसार ताब्यात दिलेल्या वस्तूची, ती स्वतःची असती तर शहाण्या माणसानं घेतली असती तेवढी काळजी त्याला घ्यावीच लागते. त्याच कायद्याचं कलम १७० त्याच्या बाजूचं आहे: कामाची रास्त मजुरी मिळेपर्यंत तो गाडी रोखून ठेवू शकतो. म्हणून वाद असला तर मान्य असलेली रक्कम भरा, वादाची रक्कम लेखी हरकत नोंदवून भरा आणि गाडी सोडवून घ्या. मग भांडा.

पहिली पायरी गॅरेजला लेखी तक्रार. दुसरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिसरी, जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. भांडण विमा कंपनीशी असेल तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे, आणि महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे विनाशुल्क ऐकली जातात. या सगळ्या ठिकाणी तुमचे फोटो, लेखी इस्टिमेट आणि पक्कं बिल हेच तुमचे साक्षीदार.

शेवटी एक विनंती. गॅरेज शोधायचं काम अपघाताच्या दिवसावर ठेवू नका. गाडी धडधाकट असताना एखाद्या रविवारी आपल्या भागातली दोन-तीन गॅरेजं पाहून या. एक चांगला डेंटर लहान कामांसाठी, आणि बेंच व बूथ असलेलं एक वर्कशॉप मोठ्या कामांसाठी हेरून ठेवा. दोन्हींचे क्रमांक पॉलिसीच्या प्रतीसोबत गाडीच्या कप्प्यात ठेवा आणि घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना ते सांगून ठेवा. वेळ आली तर क्रेनवाल्याला पत्ता तुम्ही सांगाल, आणि गाडी तिथेच जाईल.